लाहोरहून सोलापूरला आलेले कॉलेज

१९७० सालच्या जूनमध्ये मी सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात कला शाखेला नाव घातले. आमच्या घरातून कॉलेजच्या फाटकात शिरणारा मी पहिला. वडील गिरणीच्या त्रासन खात्यात, आई मोलमजुरीला आणि थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, ती विड्या वळायला. हे कौतुकाने सांगत नाही. बुधवार पेठेतल्या निम्म्या घरांची हकिगत त्या काळी याहून निराळी नव्हती. सांगायचे ते एवढ्यासाठी की, त्या कॉलेजात चार वर्षे काढूनही ते सोलापुरात आले कसे, कोणी आणले, कशासाठी आणले, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मी इतिहास विषय घेऊन पदवीधर झालो. मौर्य, गुप्त, मराठ्यांची राज्यव्यवस्था, फ्रेंच राज्यक्रांती सगळे पाठ केले. ज्या इमारतीत बसून पाठ केले तिचा इतिहास मात्र नोकरीतून निवृत्त झाल्यावर वाचू लागलो. आपल्याकडे इतिहास कसा शिकवतात याचा याहून बोलका दाखला कशाला हवा!

सोलापूर हे गिरण्यांचे गाव. पहिली गिरणी, जिला सगळे जुनी मिल म्हणत, १८७७ साली उभी राहिली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी अशा गिरण्या झाल्या. भोंग्यावर उठणारे आणि भोंग्यावर निजणारे हे शहर. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू अशा चार भाषा एका गल्लीत ऐकू याव्यात, अशी वस्ती. १९३० साली याच शहरात इंग्रजांनी लष्करी कायदा पुकारला आणि जानेवारी १९३१ मध्ये इथल्या चौघांना फासावर चढवले. इतके सगळे घडून गेले तरी या शहरात कॉलेज नव्हते. मॅट्रिक झालेल्या पोराने शिकायचे म्हटले तर पुण्याला फर्ग्युसनला जा, नाही तर सांगलीला विलिंग्डनला. पुण्याची खोली, खानावळ, रेल्वेचे भाडे ज्याच्या बापाला झेपेल त्याने शिकावे. म्हणजे वकिलाच्या, सावकाराच्या, पेढीवाल्याच्या पोराने.

आणि आमच्या पोरांनी? त्यांच्यासाठी एक दार होते, पण ते मॅट्रिकपर्यंतच जाणारे. बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि सभेच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात काढलेले वसतिगृह. अस्पृश्य वर्गातल्या हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी ते होते. सभेची कचेरी मुंबईला आणि वसतिगृह सोलापूरला, ही गोष्ट आमच्या शहराच्या इतिहासात ठळक अक्षरांत यायला हवी होती. मी वाचलेल्या शहराच्या इतिहासांत ती दोन ओळींत आटोपलेली आहे, काहींत तेवढीही नाही.

आता कॉलेजकडे वळू. दयानंद महाविद्यालय, तेव्हाचे डी. ए. व्ही. कॉलेज, १९४० साली सुरू झाले. डी. ए. व्ही. म्हणजे दयानंद अँग्लो-वैदिक. ही संस्था पंजाबातली, मूळ लाहोरची, १८८६ सालची. लाहोरची संस्था सोलापूरला का आली? आपल्या गिरणी कामगारांच्या पोरांचा तिला कळवळा आला म्हणून नव्हे. सोलापूर निजामाच्या हद्दीला लागून होते. हैदराबाद संस्थानात हिंदूंना धर्मस्वातंत्र्य मिळावे म्हणून आर्य समाजाने जो सत्याग्रह केला, त्याची परिषद डिसेंबर १९३८ मध्ये लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली सोलापुरातच भरली. पुढले काही महिने सत्याग्रहींचा मुक्कामाचा तळही सोलापूरच होता. उत्तरेतून माणसे येत, इथे उतरत आणि हद्द ओलांडून तुरुंगात जात. ऑगस्ट १९३९ मध्ये सत्याग्रह थांबला आणि दुसऱ्या वर्षी कॉलेज उभे राहिले. लढा देऊन गेलेल्यांनी या गावात आपली खूण ठेवली ती कॉलेजाच्या रूपाने. खूण म्हणून पुतळा ठेवला नाही याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

पण लाहोर हे नाव वाचताच मी थबकलो, कारण आपल्या चळवळीच्या इतिहासातही एक लाहोर आहे.

लाहोरला १९२२ साली जातपाततोडक मंडळ निघाले. ते काढणारे बहुतेक आर्य समाजी सुधारक. त्यातले संतराम हे मोठे गमतीचे आणि माझ्या मते मोठे भले गृहस्थ. कुंभार जातीत जन्मलेला हा माणूस आयुष्यभर आपले नाव ‘संतराम बी. ए.’ असेच लिहीत राहिला. जिथे जात लिहायची तिथे त्याने पदवी लिहिली! बी. ए. म्हटले की आज लोक हसतात. या माणसाला त्या दोन अक्षरांत एक अख्खे आडनाव सापडले होते. आमच्या वस्तीतही पहिल्या पिढीच्या पदवीधरांनी घराच्या दारावर पाट्या लावल्या होत्या, नाव आणि पुढे बी. ए. त्यांना मिरवायची हौस होती, हे खरे. पण ती हौस मला आता निराळी दिसते.

या मंडळाने १९३६ च्या वार्षिक परिषदेसाठी बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. पुढे काय झाले हे वाचकांना ठाऊकच आहे. भाषण आधी पाठवा म्हणाले, अमुक भाग गाळा म्हणाले, बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि परिषदच बारगळली. त्या भाषणाच्या पुस्तकाला जोडलेला पत्रव्यवहार मी पूर्वी भराभर ओलांडून मूळ भाषणाकडे जात असे. आता तो सावकाश वाचला. मंडळाच्या एका पत्रात म्हटले आहे की, बाबासाहेबांना बोलावल्यामुळे मंडळातली काही वजनदार मंडळी दुरावली. त्यांची नावेही दिली आहेत. भाई परमानंद, डॉ. गोकुळचंद नारंग, राजा नरेंद्रनाथ आणि महात्मा हंसराज. हे हंसराज म्हणजे लाहोरच्या डी. ए. व्ही. कॉलेजचे पहिले प्राचार्य. ती संस्था ज्यांनी उभी केली, तिच्यासाठी वर्षानुवर्षे पगार न घेता राबले, ते.

म्हणजे १९३६ साली ज्या परंपरेचा मोठा माणूस बाबासाहेबांच्या परिषदेपासून दूर झाला, त्याच परंपरेचे कॉलेज चार वर्षांनी माझ्या गावी आले, आणि तीस वर्षांनी मी त्याच्या बाकावर बसलो. हंसराज १९३८ साली वारले, त्यांनी सोलापूरचे कॉलेज पाहिले नाही. त्यांच्यावर राग धरून आता काही उपयोग नाही, आणि मी धरत नाही. त्या कॉलेजात मला जातीवरून कोणी उठवले नाही. शिकवणाऱ्यांपैकी दोघांनी मला पदरची पुस्तके दिली, ती अजून माझ्याकडे आहेत. कॉलेज आणि कॉलेजची उगमकथा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी मान्य करतो. पण आपण कोणाच्या घरात शिकलो, ते घर कोणत्या भांडणातून बांधले गेले, हे माहीत असलेले बरे.

मग आम्हाला त्या दारातून आत नेले कोणी? याचे उत्तर कॉलेजच्या इतिहासात सापडत नाही. ते दिल्लीच्या दप्तरात सापडते. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाइसरॉयच्या मंडळाचे सभासद असताना बाबासाहेबांनी लिनलिथगोला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. अलीगढ आणि बनारस या विद्यापीठांना सरकार दरसाल पैसे देते, मग आमच्या पोरांच्या उच्च शिक्षणाला का नाही, असा त्यांचा रोकडा सवाल होता. त्यातून तीन लाख रुपये मंजूर झाले आणि १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. सोलापूरच्या कॉलेजात पंजाबची संस्था, मुंबईचे विद्यापीठ आणि आमची फी भरणारा तो दिल्लीचा कागद, अशी ही तीन गावची मोट होती. पुढे विद्यापीठे तेवढी बदलली. १९४९ ला पुणे, १९६२ ला कोल्हापूरचे शिवाजी आणि २००४ ला सोलापूरचे स्वतःचे. कॉलेज जागच्या जागी राहिले आणि चार विद्यापीठे त्याच्यावरून गेली. आमच्या आधीच्या पिढीत कोर्टात नोकरी करत याच कॉलेजातून सुशीलकुमार शिंदे पदवीधर झाले आणि २००३ साली राज्याचे मुख्यमंत्री झाले. आमच्या वर्गात त्यांचे नाव तेव्हा कोणाला फारसे माहीत नव्हते.

शिष्यवृत्ती कागदावर जूनपासून होती. हातात यायची मार्चमध्ये. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सही, शिक्का, साहेब रजेवर. फी माफ होती, पण पुस्तके, वह्या, परीक्षेचा अर्ज, अंगावरचा एक बरा सदरा यांना माफी नव्हती. ते नऊ महिने अक्काने चालवले. सूप मांडीवर घेऊन ती पहाटे बसायची. पाने भिजवायची, कातरायची, तंबाखू भरून दोऱ्याचा वेढा मारायची. हजार विड्यांमागे मजुरी, त्यातून छाट काढली की तेवढी कमी. माझ्या परीक्षेचा अर्ज भरला तो किती हजार विड्यांचा, हे तिला तोंडपाठ होते. ती सातवीला पहिली आली होती. शाळेतून काढली ती माझ्या कॉलेजच्या आधी चार वर्षे, म्हणून तिचे शिक्षण माझ्यामुळे थांबले असे कोणी म्हणत नाही. मी म्हणतो.

संध्याकाळी ती विचारायची, “आज काय शिकवलं रं?” मी सांगायचो, फ्रान्सच्या राजाचे मुंडके उडवले. तिला ते फार आवडायचे. मग एकदा म्हणाली, “हे शिकून तुला नोकरी कोण देणार?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. वस्तीतही हाच सूर. आर्ट्सला गेला म्हणजे वाया गेला, आयटीआयला घालायचा होता. गिरणीत चिकटवला असता तर बरे, असे म्हणणारेही होते. त्या गिरण्या पुढे एकामागून एक बंद पडल्या हे वेगळे.

मला आज वाटते, हा प्रश्न बाबासाहेबांनाही कोणी विचारला असणार. ते एल्फिन्स्टनमधून पदवीधर झाले आणि बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला गेले. ते विद्यापीठही खाजगीच. अर्थशास्त्राबरोबर त्यांनी तिथे इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान असे जे दिसेल ते घेतले. जॉन ड्यूई यांच्या वर्गात बसले. त्या ड्यूईंचे ऋण त्यांनी कुठे बोलून दाखवले असेल तर ते लाहोरच्या न झालेल्या भाषणात. वीस वर्षांपूर्वी ऐकलेला मास्तर त्या वेळी त्यांच्या कामी आला. आणि १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढल्यावर त्यांनी पहिले कॉलेज काढले ते कला व विज्ञानाचेच, १९४६ चे मुंबईचे सिद्धार्थ. नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. मग १९५० ला औरंगाबादचे, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. नाव कोणाचे, तर नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. उत्तरे देणाऱ्या नागसेनाचे नाव त्यांनी परिसराला दिले आणि कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचे.

माझा एक मित्र त्याच साली नागसेनवनात गेला. सुट्टीत आला की त्याच्या बोलण्यात कविता, नाटके, नियतकालिके, रात्र-रात्र चाललेले वाद असत. मला त्याचा हेवा वाटे. तिथे तो आपल्या घरात शिकत होता. मी दुसऱ्याच्या. पण माझ्या बाकावर एका बाजूला पूर्वभागातल्या मागवाल्याचा तेलुगू पोरगा आणि दुसऱ्या बाजूला अक्कलकोटकडचा कानडी बोलणारा लिंगायत पोरगा होता. तिघांचेही मराठी सरांना अशुद्ध वाटे. त्या अशुद्धपणात आमची जी दोस्ती झाली, ती मित्राला नागसेनवनात मिळाली नसती. दोहोंत काय मोठे, ते मला आजही ठरवता येत नाही.

गेल्या वर्षी अक्काकडे गेलो होतो. डोळ्यांना कमी दिसते, बोटे वाकडी झाली आहेत. मी लाहोरची सगळी हकिगत तिला सांगितली. बोलावले, मग नको म्हणाले, मग बाबासाहेबांनी ते भाषण पुस्तक करून छापले आणि दोन महिन्यांत दीड हजार प्रती संपल्या. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “छपाईचा खर्च कुणी केला?”

“बाबासाहेबांनीच. पदरचे घालून.”

“किती आला असंल रं?” तिने विचारले, आणि बोटांवर कसलासा हिशेब करू लागली.