थर्मोस्टॅट कोणी काढला?

यंदा जानेवारीत मुलगा पुण्याहून गाडी घेऊन नारायणगावला आला होता. थंडी चांगलीच पडली होती. पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर वर येताना दिसत होता. निघताना तो म्हणाला, "बाबा, ही गाडी हल्ली लवकर तापतच नाही. मंचर आलं तरी काटा खालीच असतो. हीटर लावला तर गार वारा येतो."

मी म्हटलं, "थर्मोस्टॅट बघून घे. उघडाच अडकला असेल."

तो हसला. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या माणसाकडून त्याची ही अपेक्षा नसावी. पण पुण्याच्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा कोड आला पी ०१२८, म्हणजे इंजिनाचं पाणी ठरलेल्या वेळात ठरलेल्या उष्णतेला पोचत नाही. थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता. संध्याकाळी फोन आला, "बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

फोनवर मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिलं. खरं उत्तर लांबलचक आहे आणि मला फारसं भूषणावह नाही. ते इथे लिहितो.

आधी थर्मोस्टॅट म्हणजे काय ते सांगतो. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधल्या वाटेवर बसवलेली ही एक छोटी झडप. तिच्या पोटात धातूच्या कुपीत मेण असतं. इंजिन गार असताना झडप बंद असते, त्यामुळे पाणी इंजिनातल्या इंजिनातच फिरतं आणि चटकन तापतं. पाणी ऐंशी अंशांच्या वर गेलं की मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि मग पाणी रेडिएटरकडे जातं. मोटारीच्या सुरुवातीच्या काळात ही सोय नव्हती. फोर्डच्या मॉडेल टीमध्ये गरम पाणी वर आणि गार पाणी खाली, या निसर्गनियमावरच सगळं चालायचं. कॅडिलॅकने १९१४ मध्ये उष्णतेवर चालणारं नियंत्रण आणलं. मेणाची झडप पुढची, १९३० च्या दशकातली, अमेरिकेतल्या सर्जियस व्हर्नेटची. त्याच दशकात इंग्लंडमध्ये झालेल्या प्रयोगांत असंही दिसलं, की इंजिन गार राहिलं तर सिलिंडर कितीतरी जास्त झिजतो. ज्वलनातून होणारी वाफ गार भिंतीवर थिजते, तिचं आम्ल होतं आणि ते लोखंड खातं. थोडक्यात, इंजिन उकळलेलं वाईट हे सर्वांना दिसतं. गार राहिलेलंही वाईट हे कोणाला दिसत नाही.

आता आपल्याकडचा इतिहास. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर कंपनी १९४४ मध्ये स्थापन झाली. पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट तयार होऊ लागली. मूळ गाडी इटलीतल्या ट्युरिनची, म्हणजे आल्प्सच्या पायथ्याशी जन्मलेली. १९७४ मध्ये तिला 'पद्मिनी' हे नाव मिळालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत टिकली. या टॅक्सीवाल्यांत एक समज पक्का होता: आपल्या हवेत थर्मोस्टॅट हवा कशाला? अडकला तर इंजिन उकळणार, त्यापेक्षा काढून टाका. मुंबईपुरतं त्यात तथ्यही होतं. तिथे थंडी नावालाच, आणि टॅक्सी दिवसभर फिरत असल्याने इंजिन गार व्हायला सवडच नाही.

आपल्या जुन्नर-आंबेगावची गोष्ट वेगळी. इथे मे महिना तापतो आणि पौषात दात वाजतात. जुन्या मंडळींना मुक्कामी एसटी आठवत असेल. पहाटे ड्रायव्हर इंजिन चालू करून ठेवायचा आणि चहा पिऊन यायचा. काही जण पुढच्या जाळीवर पोतं नाहीतर पुठ्ठा बांधायचे. इंजिन गरम व्हायला वेळ द्यावा लागतो हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

मी १९९४ मध्ये जुनी पद्मिनी घेतली. पुढच्याच मे महिन्यात कल्याणच्या लग्नाहून परतताना माळशेज घाटात ती उकळली. नातेवाइकांपैकी काहींना तो प्रसंग आठवत असेल. निम्मं वऱ्हाड कठड्यावर बसून होतं! दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाला माझाच जुना विद्यार्थी. गाडी परत आली ती पुन्हा कधीच उकळली नाही.

पण हिवाळा आला आणि नवं दुखणं सुरू झालं. नारायणगाव ते मंचर, शाळेपर्यंत पंधरा-सोळा किलोमीटर. कळंबचा पूल आला तरी चोक आत ढकलला की इंजिन आचके द्यायचं. पेट्रोल जास्त लागे, प्लग काळे पडत. त्या विद्यार्थ्याने प्लग साफ केले, कार्बोरेटर उघडला, पण गुण येईना. अशी चार वर्षं गेली. १९९९ मध्ये धूर येऊ लागला आणि इंजिनकाम निघालं. ते पुण्यात केलं. तिथला मिस्त्री म्हणाला, "काका, थर्मोस्टॅट कुठाय याचा?"

माझं डोकं फिरलं. परत आल्यावर थेट त्या मुलाच्या गॅरेजमध्ये गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला नको ते बोललो. "न विचारता भाग काढून ठेवलास, माझं इंजिन खाल्लंस," असं म्हणालो. तो मान खाली घालून उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. मी ते गॅरेज सोडलं, आणि पुढची दहा वर्षं ही गोष्ट स्टाफरूममध्ये, लग्नाकार्यांत, जिथे संधी मिळेल तिथे सांगत राहिलो.

निवृत्तीनंतर, २०१० मध्ये, जुन्या खर्चाच्या वह्या निकालात काढत होतो. मे १९९५ च्या पानावर माझ्याच अक्षरात नोंद होती: 'फियाट. रेडिएटर साफ (आत विहिरीच्या पाण्याचा क्षार). बेल्ट नवा. थर्मोस्टॅट काढवून घेतला. तो नको म्हणत होता.'

मग हळूहळू सगळं आठवलं. दादरचे माझे मेहुणे लग्नात म्हणाले होते, "मुंबईत सगळे काढतात." मुंबईचा नियम घाट चढून वर आणला तो मी. मुलगा नको म्हणत असताना, सर म्हणून दटावून काढायला लावला तोही मीच. आणि गंमत पाहा. त्या एकाच दिवशी दोन-तीन कामं झाली. गाडी उकळायची थांबली ती, माझ्या मते, क्षार निघाला आणि नवा बेल्ट बसला म्हणून. श्रेय मात्र मी माझ्या हुकुमाला दिलं. दोन गोष्टी एकामागोमाग घडल्या म्हणजे पहिली दुसरीचं कारण ठरत नाही, हे मी दरवर्षी नववीच्या वर्गात शिकवत होतो!

मी त्याला भेटायला गेलो. वही सोबत नेली. त्याने नोंद वाचली आणि म्हणाला, "मला आठवत होतं, सर." मग चहा मागवला आणि माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. त्या दिवशी त्याने मला जे समजावलं, तेच मी जानेवारीत मुलाला सांगितलं.

तुमचीही गाडी थंडीत उशिरा तापत असेल तर आधी गार इंजिनात पाण्याची पातळी बघा. मग गाडी चालू करून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या नळीला हात लावा, पंख्यापासून जपून. नळी काही मिनिटं गार राहून मग एकदम गरम झाली तर थर्मोस्टॅट ठीक. पहिल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेली तर तो उघडा अडकलाय, किंवा कोणीतरी काढलाय. खात्री करायची तर मेकॅनिककडून काढून घ्या, पातेल्यात पाणी आणि थर्मामीटर ठेवून तापवा आणि त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास उघडतो का ते बघा. गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीही उघडू नका.

आणि शेवटचं. ज्यांनी ज्यांनी माझ्या तोंडून 'इंजिन खाणाऱ्या विद्यार्थ्या'ची गोष्ट ऐकली आहे, त्यांनी ती कृपया दुरुस्त करून घ्यावी. पुढे कोणाला सांगितली असेल तर त्यांनाही कळवावं. थर्मोस्टॅट मी काढला होता.