वार्तेचे मोल : सागरावरील उडत्या नौका

5 जानेवारी 1664 रोजी शिवाजी महाराज येत असल्याची वार्ता सुरतेत पोचली. दुसऱ्याच दिवशी महाराज वेशीवर होते. मुघल अंमलदार इनायतखान शहर उघडे टाकून किल्ल्यात जाऊन बसला. वार्ता होती, पण ती उशिरा आली आणि वायाही गेली. आपल्या सुरतकरांना हा प्रसंग नवा नाही. परंतु समुद्रमार्गे येणाऱ्या शत्रूची वार्ता त्याहूनही दुर्लभ. किनाऱ्यावरची नजर क्षितिजापाशी थांबते. दुसऱ्या महायुद्धात ही उणीव उडत्या नौकांनी पुष्कळशी भरून काढली.

त्यांतील अमेरिकन बनावटीची कॅटलिना विशेष गाजली. खाली होडीसारखे पोट, त्यावर उंच उचललेला लांबच लांब पंख आणि त्यात दोन एंजिने. वेग बेताचाच, मात्र एका दमात वीस-वीस तास ती हवेत राहत असे. धावपट्टीची गरज नाही. शांत तळे वा खाडी पुरे. कराचीजवळच्या कोरंगी खाडीतून आणि मद्रासजवळच्या रेड हिल्स तलावावरून अशी विमाने अनुक्रमे अरबी समुद्रावर व बंगालच्या उपसागरावर गस्त घालीत, पाणबुड्यांचा माग काढीत आणि बुडालेल्या जहाजांवरील खलाशांना शोधीत.

या गस्तीचे खरे मोल सिंहलद्वीपाने अनुभवले. 4 एप्रिल 1942 रोजी कोग्गला तलावावरून निघालेल्या कॅनडाच्या 413 व्या स्क्वॉड्रनच्या कॅटलिनाला, बेटाच्या दक्षिणेस सुमारे 350 मैलांवर, जपानी विमानवाहू नौकांचा ताफा दिसला. वैमानिक लिओनार्ड बर्चल यांना संकटाची पूर्ण कल्पना होती. तरी ते ताफ्याच्या अधिक जवळ गेले. बिनतारी संदेश जात असतानाच जपानी लढाऊ विमानांनी त्यांना पाडले. नऊ जणांपैकी तिघे मृत्युमुखी पडले. सहा जण 1945 पर्यंत जपानच्या कैदेत राहिले.

संदेश मात्र पोचला. कोलंबो बंदरातील बरीच जहाजे वेळीच बाहेर काढली गेली. तथापि 5 एप्रिलच्या सकाळी हल्ला झाला तेव्हा रत्मलानाच्या तळावरील लढाऊ विमाने जमिनीवरच गाठली गेली, आणि त्याच दिवशी 'डॉर्सेटशायर' व 'कॉर्नवॉल' या ब्रिटिश क्रूझर समुद्रात बुडवल्या गेल्या.

टेहळणी करणारा प्राण पणाला लावून वार्ता देतो. तिचे सार्थक करणे ऐकणाऱ्याच्या हाती असते. सुरतेला 1664 मध्ये ते साधले नाही, कोलंबोला 1942 मध्ये अर्धे साधले. आज दमणच्या तळावरून तटरक्षक दलाची विमाने आपल्याच किनाऱ्यापुढे गस्त घालतात. ती डोक्यावरून जाताना दिसली, तर त्या नऊ जणांचे स्मरण व्हावे.