दाराचे माप

'हत्ती गेला आणि शेपूट राहिले' ही म्हण आपण उठताबसता वापरतो. परंतु बांधकामाच्या व्यवहारात पुष्कळदा याच्या उलट घडते. शेपूट सुखरूप आत जाते आणि हत्ती दाराशी उभा राहतो. इमारत बांधून होते, छप्पर चढते, सत्यनारायण होतो. आणि ज्या वस्तूसाठी हा सारा खटाटोप केला, ती दारातून जात नाही, असे मागाहून ध्यानात येते.

हे सुचावयास निमित्त घरातलेच घडले. आमच्या पुतण्याने जबलपूर शहराबाहेर चाळीस फूट रुंद आणि नव्वद फूट लांब असा जमिनीचा तुकडा घेतला आहे. ट्रकच्या चेसिसवर लाकडी व लोखंडी बॉडी बांधण्याचा कारखाना तेथे काढावयाचा, हा त्याचा मनसुबा. वडिलांच्या निवृत्तिवेतनातली शिल्लक आणि पतपेढीचे कर्ज, दोन्ही त्यात पडावयाची आहेत. एका संध्याकाळी तो नकाशाची गुंडाळी घेऊन आमच्याकडे आला. जागेच्या तिन्ही कडांना भिडणारी ऐंशी फुटी शेड, आणि समोरच्या भिंतीच्या मधोमध दहा फूट रुंद व बारा फूट उंच असे एकच दार. "काका, जेवढी जागा छपराखाली येईल तेवढा फायदा," तो म्हणाला. आम्हांस त्या दाराची चिंता वाटू लागली. ती चिंता योग्य की अयोग्य, हे पाहण्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नव्हते. आमच्या या गावाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी कारखान्यांचा आणि त्यांच्या दारांचा इतिहास आहे.

जबलपूर १८१७ च्या डिसेंबरात नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांच्या हाती गेले. पुढे ठगांच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या विल्यम स्लीमन याने १८३० च्या दशकात येथे एक उद्योगशाळा काढली. माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांची मुले यांना तेथे विणकाम व इतर कामे शिकविण्यात आली. तेथील तंबू व गालिचे यांचे नाव दूरवर झाले. कारखान्याच्या दृष्टीने या मालाचा एक विशेष गुण आहे. तंबू कितीही मोठा असो, त्याची घडी होते. गालिचा कितीही रुंद असो, त्याची गुंडाळी होते. मागाला आणि कापड पसरण्याला आत जागा ऐसपैस हवी, परंतु माल बाहेर काढावयास बेताचे दार पुरते. म्हणजे शाळा मोठी आणि दार लहान, ही गोष्ट त्या धंद्याला मानवणारी होती. चौकी-पहाऱ्यालाही ती सोयीची होती, हे सांगावयास नको. त्या माणसांनी केलेले तंबू मोकळ्या मैदानांत उभे राहत. त्यांपैकी अनेक माणसे मात्र आपल्या गावी परत कधीच गेली नाहीत. मालाला बाहेरचा रस्ता होता, माणसाला नव्हता. स्लीमनच्या कर्तबगारीचे मोजमाप इतिहासकार आपापल्या परीने करोत. दाराचा विचार करताना ही गोष्ट विसरता येत नाही.

त्यानंतर रेल्वे आली. अलाहाबादेकडून ईस्ट इंडियन रेल्वे १८६७ साली जबलपुरास पोहोचली आणि मुंबईकडून इटारसीमार्गे येणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे मार्च १८७० मध्ये तिला येथे मिळाली. मुंबई आणि कलकत्ता ही दोन शहरे लोहमार्गाने जोडली गेली ती आमच्या या गावात. दोन्ही कंपन्यांच्या रुळांमधील अंतर साडेपाच फूट हे एकच होते, म्हणून एका कंपनीचा डबा दुसरीच्या रुळांवर जाऊ शकला. रुळांचे अंतर एकदा ठरले म्हणजे डब्याची रुंदी ठरते. डब्याची रुंदी ठरली म्हणजे फलाट, पूल, बोगदा आणि इंजिनशेडचे दार ही सारी त्यामागून ओळीने ठरत जातात. एका आकड्याच्या पोटी शंभर आकडे जन्मतात.

याचा दुसरा पक्षही जबलपूरने पाहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने गोंदियाहून सातपुड्याच्या डोंगरातून एक फाटा काढला. तो १९०५ च्या सुमारास येथवर आला. हा मार्ग अडीच फुटी होता. डोंगराळ मुलखात अरुंद मार्ग स्वस्त पडतो, वळणे लहान घेता येतात, पूल हलके चालतात. ज्या मुलखात मोठी गाडी कित्येक वर्षे आली नसती तेथे ही छोटी गाडी गेली, हे तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु छोट्या गाडीचा माल मोठ्या गाडीत चढवावयाचा तर प्रत्येक पोते आणि प्रत्येक ओंडका उतरवून पुन्हा भरावा लागे. एका पिढीने वाचविलेल्या पैशाची परतफेड पुढल्या चार पिढ्यांचे हमाल आपल्या पाठीवर करीत राहिले. जबलपूर-नैनपूर छोटी गाडी २०१५ साली बंद झाली आणि त्या मार्गावर रुंद रूळ पडले. मापाचा निर्णय शंभराहून अधिक वर्षे टिकला! हाऊबागच्या त्या छोट्या स्थानकाची आठवण काढून हळहळणारे लोक आजही भेटतात; त्यांत आम्हीही आहोत. पण हळहळ ही वेगळी आणि हिशेब हा वेगळा.

तिसरा धडा तोफगाड्यांच्या कारखान्याचा. १९०४ साली हा कारखाना येथे उभा राहिला. तोफ ओढण्याचे व पेलण्याचे गाडे घडविणे हे त्याचे मूळ काम. त्याच सुमारास ब्रिटिश सैन्यात अठरा पौंडी तोफ नव्याने आली होती. तिच्या नळीची लांबी सुमारे पावणेआठ फूट. आता याच कारखान्यात घडणारी 'धनुष' तोफ पाहावी. तिचे पहिले नग एप्रिल २०१९ मध्ये सैन्याच्या स्वाधीन झाले. तिच्या नळीचे तोंड १५५ मिलिमीटरचे आणि लांबी तोंडाच्या पंचेचाळीस पट. म्हणजे सात मीटरला किंचित कमी, सुमारे तेवीस फूट. एकाच शतकात नळी तिपटीने लांब झाली. अशी वस्तू नुसती दारातून सरळ बाहेर काढून भागत नाही. आत ती वळविता आली पाहिजे, उचलता आली पाहिजे आणि दाराबाहेर पडल्यावर तिचे तोंड रस्त्याकडे करता आले पाहिजे. मधल्या काळात, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, याच कारखान्यात जर्मन एम.ए.एन. कंपनीच्या परवान्याने शक्तिमान ट्रक जोडले जाऊ लागले. पुढे १९६९ साली वाहनांसाठी जबलपुरातच स्वतंत्र कारखाना काढण्यात आला.

यातून निघणारा अर्थ आम्ही असा लावतो. उद्या काय घडवावे लागेल हे १९०४ च्या कोणत्याही अभियंत्याला सांगता आले नसते. दार कितीही मोठे ठेविले तरी कधीतरी त्याहून मोठी वस्तू येणारच. म्हणून शहाणपण हे राक्षसी दार करण्यात नसून, दारासमोर मोकळी जागा आणि मागे वाढावयास वाव ठेवण्यात आहे. आपल्या जुन्या सुतारांना हे चांगले ठाऊक होते. घराचे किंवा गोठ्याचे माप ते फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन खांबांच्या जोड्यांमधला तो एक खण. गोठा तीन खणांचा बांधावा, शेवटची भिंत हलकी कुडाची ठेवावी. बैलजोडी वाढली की ती भिंत काढून चौथा खण जोडावा. लोखंडी कैच्यांची शेडही याच न्यायाने वाढते. मात्र शेवटच्या भिंतीवर भार टाकलेला नसावा आणि तिच्या पलीकडे जमीन उरलेली असावी.

आम्ही पुतण्यासमोर हा हिशेब मांडला. ट्रकची कायदेशीर रुंदी २.६ मीटरपर्यंत, म्हणजे साडेआठ फूट. उलटा ट्रक आत घेताना दोन्ही बाजूंना पावणेदोन फूट तरी हवेत, म्हणून दार बारा फूट रुंद. आजच्या नियमाने मालट्रकची उंची चार मीटरपर्यंत जाऊ शकते, म्हणजे तेरा फुटांहून अधिक. पुतण्याच्या बारा फुटी दारातून मोकळी चेसिस आत गेली असती आणि तिच्यावर बांधलेली उंच बॉडी आतच अडकली असती! तेव्हा दाराची उंची पंधरा फूट. आत दोन ट्रक शेजारी शेजारी उभे करावयाचे तर त्यांचे सतरा फूट, दोन्ही भिंतींशी चार-चार, मध्ये माणसे आणि वेल्डिंगची यंत्रे यांसाठी सहा, एकूण एकतीस. म्हणून शेड बत्तीस फूट रुंद, आणि समोर बारा-बारा फुटांची दोन दारे. पुढे तीस फूट अंगण ठेविले म्हणजे लांबी साठाऐवजी पन्नासच फूट धरावी. मागचे दहा फूट पुढल्या खणासाठी राखावे. दारांचे तोंड पश्चिमेस नको. वैशाखातली लू आणि आषाढातला पाऊस दोन्ही तिकडूनच आत शिरतात. त्याची जागा उत्तराभिमुख आहे, हे त्याचे नशीब.

"म्हणजे अर्धी जागा उघडीच राहिली," तो खिन्नपणे म्हणाला.

"उघडी नाही, राखलेली," आम्ही म्हणालो. "आणि तुझे माणसांचे दार कोठे आहे?"

त्याला प्रश्न उमगला नाही. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्या अवाढव्य फळीतील दिंडी आठवेल. हत्तीसाठी दरवाजा आणि माणसासाठी दिंडी, असा तो साधा विवेक होता. रोजच्या ये-जा करणाऱ्यासाठी पंधरा फुटी दार कोण सरकवील? पण बॉडीच्या कारखान्यात दिंडी ही केवळ सोय नव्हे. तेथे लाकडाचा भुसा असतो, रंगाचे थिनर असते आणि वेल्डिंगच्या ठिणग्या असतात. पुढच्या दारात ट्रक उभा आणि मध्ये आग, असा प्रसंग आला तर मागच्या कोपऱ्यातील कारागिराने जावे कोठून? त्यासाठी मागच्या भिंतीत साडेतीन फुटांचे एक दार हवे, आणि ते बाहेरच्या बाजूस उघडणारे हवे. घाबरलेली माणसे दाराला रेटतात; आत उघडणारे दार त्या रेट्याने मिटलेलेच राहते. उद्या चौथा खण जोडला तर हे दारही त्याच्याबरोबर मागे न्यावयाचे. त्याच्यापुढे सामान रचावयाचे नाही आणि कामाच्या वेळी त्याला कुलूप घालावयाचे नाही.

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग त्याने खिशातून पेन्सिल काढली. प्रथम त्याने मोठी दारे पुसून नवी काढली, मग शेडची मागची रेघ पुढे ओढली. सर्वांत शेवटी मागच्या भिंतीत एक छोटीशी फट ठेवून तिच्यापासून बाहेरच्या बाजूस दाराची कमान रेखाटली.

जबलपूरने कित्येक दारे बांधली. तंबूंसाठी बांधली, इंजिनांसाठी बांधली, तोफांसाठी बांधली. त्यांपैकी ज्यांची मापे चुकली ती पुढे कोणी ना कोणी दुरुस्त केली. भिंती फोडल्या, रूळ बदलले, नवे कारखाने उभारले. मालाच्या दाराची चूक पैशाने भरून निघते. माणसाच्या दाराची चूक मात्र भरून काढावयास नंतर कोणी उरत नाही. म्हणून नकाशावर ती छोटी रेघ आधी ओढावी, एवढेच आमचे सांगणे.