विश्वासात टिकणे : एका अभ्यासाची प्रस्तावना

बाप्तिस्म्यानंतर काय झाले, हा प्रश्न आपल्याकडे फार कमी विचारला जातो. धर्मांतर का झाले, घरचे काय म्हणाले, गावात केवढे वादळ उठले, यावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. पण माणूस एकदा ख्रिस्ती झाला की अभ्यासकांचे त्याच्यावरचे लक्ष उडते. या पुस्तकाचा विषय तिथून पुढे सुरू होतो. मोह, शंका, एकटेपणा, मंडळीतल्या माणसांनीच दिलेले घाव, आणि या सगळ्यांत देवाला धरून राहणे. उपासनेत साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस याला साध्या शब्दांत ‘विश्वासात टिकणे’ म्हणतो. हेच शब्द मी अभ्यासाच्या नावासाठी घेतले आहेत.

हा अभ्यास फक्त ख्रिस्ती वाचकांसाठी नाही. आपल्याच चांदूर बाजार तालुक्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी मानत. देवाशी नाते जोडले की त्या नात्यात रुसवा, विरह आणि एकनिष्ठेची कसोटी येते, हे माधानला जाणाऱ्या भाविकाला कुणी शिकवायला नको. तुकोबांच्या अभंगांतली मनाशी चाललेली झुंज ज्याने ऐकली आहे, त्यालाही हा प्रदेश परका वाटणार नाही. दोन्ही परंपरा एकच आहेत असा माझा दावा नाही. भेद मोठे आहेत आणि ते जपले पाहिजेत. पण आत यायला दार मात्र आपल्या घराच्या बाजूनेच आहे.

पाया अर्थातच पवित्र शास्त्राचा. येशूच्या अरण्यातल्या चाळीस दिवसांची गोष्ट मार्क दोन वचनांत उरकतो. मत्तय आणि लूक तिन्ही मोह सविस्तर सांगतात, पण शेवटच्या दोन मोहांचा क्रम दोघांत वेगळा आहे. नव्या वाचकाने इथे दोन गोष्टींवर थांबावे. एक म्हणजे मत्तय आणि मार्क यांच्या सांगण्यात ही परीक्षा यार्देनेतल्या बाप्तिस्म्याच्या पाठोपाठच येते. दुसरी अधिक अस्वस्थ करणारी आहे. सैतानाने पुढे केलेले पहिले आमिष उपाशी माणसाला भाकरीचे आहे, आणि मंदिराच्या शिखरावर तर तो शास्त्रवचनच तोंडावर फेकतो. मोह वाईट रूपातच येईल हे गृहीत धरणाऱ्या अनेक प्रवचनांना या पानांनी केव्हाच उत्तर दिले आहे. ईयोब आणि स्तोत्रसंहिता यांचाही इथे मोठा आधार आहे. स्तोत्रांपैकी कितीतरी म्हणजे देवाकडे केलेली उघड तक्रार आहे, आणि ती तक्रार उपासनेचाच भाग झाली.

आपल्या भागातला बागाईतदार बहारासाठी संत्र्याच्या झाडाला पाणी तोडून ताण देतो. देवाची परीक्षा अशीच असते, असे म्हणण्याचा मोह उपदेशकाला सहज होईल. पण याकोबाचे पत्र बजावून सांगते की देव कुणालाही मोहात घालत नाही. नापिकीने, कर्जाने किंवा घरातल्या मृत्यूने मोडलेल्या माणसाला ‘हा देवाने दिलेला ताण आहे’ असे ऐकवणे म्हणजे दुःखात बुडालेल्या ईयोबालाच दोष देणाऱ्या त्याच्या मित्रांच्या ओळीत जाऊन बसणे होय. हे मला अगदी स्पष्टपणे म्हणायचे आहे.

मराठी माणसांच्या कथनांत या झुंजीचे सर्वांत थेट रूप मला नीलकंठशास्त्री गोरे यांच्यात दिसते. काशीत वाढलेले हे चित्पावन पंडित ख्रिस्ती धर्माचे खंडन करायला निघाले आणि १८४८ मध्ये जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे ते नेहेम्या गोरे झाले, धर्मगुरू झाले, षड्दर्शनांवर त्यांनी ग्रंथ लिहिला. तरीही शंकांनी त्यांची पाठ १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत सोडली नाही. ज्यांच्या लेखणीने इतरांच्या शंका फिटल्या, त्यांच्या स्वतःच्या मात्र फिटल्या नाहीत. याला दुबळेपणा म्हणणारे तेव्हाही होते. मला तो निष्ठेचा फार अवघड प्रकार वाटतो. शंका लपवली नाही आणि प्रार्थनाही सोडली नाही.

या गोऱ्यांचे ऋण मानणाऱ्या पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो या अभ्यासातल्या प्रत्येकाने वाचावा. त्रैक्यासारख्या सिद्धांतांविषयीच्या शंका त्या उघड मांडतात. चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे सदसद्विवेक गहाण टाकायला त्या तयार नाहीत. १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त भेटायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे लागली. मधल्या काळात १८८९ मध्ये विधवा आणि मुलींसाठी त्यांचे शारदा सदन निघाले, आणि पुढे धर्मप्रसाराच्या आरोपावरून पुण्याच्या पालकांनी मुली काढून नेल्या. आपला विश्वास झाकून ठेवला असता तर कदाचित हे टळले असते. त्यांनी तो झाकला नाही.

नारायण वामन टिळकांची कथा तर विदर्भाच्या वाटेवरच सुरू होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत भेटलेल्या एका मिशनऱ्याने त्यांना नवा करार दिला आणि तो वाचण्याचे वचन घेतले. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची परीक्षा तेव्हा सुरू झाली. पती दुरावला, समाजाची नजर बदलली. अखेर १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या हट्टाखातर नव्हे, स्वतःच्या मनाने. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात सोवळे कसे गळून पडले ते त्यांनी ज्या साधेपणाने सांगितले आहे, त्याच्या जवळपास जाणारे ईश्वरशास्त्रीय लेखन मराठीत मला माहीत नाही. टिळकांची शेवटची कसोटी मंडळीच्या आत होती. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. ख्रिस्ताशी निष्ठा आणि संस्थेशी निष्ठा यांची गाठ पडते तेव्हा काय करावे, हा प्रश्न त्यांच्यामुळे आपल्या अभ्यासात कायमचा आला.

ही सगळी शिकलेली, लिहिती माणसे. वऱ्हाडात आलो की चित्र बदलते. १८९० मध्ये एलिचपूर म्हणजे आजच्या अचलपूरला केंद्र करून कोरकू मिशन उभे राहिले. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला कुष्ठरुग्णांची सेवा सुरू झाली. अकोला, अमरावती, खामगाव इथे अलायन्स मिशनने काम केले. १८९९–१९०० च्या दुष्काळात कितीतरी अनाथ मुले मिशनच्या आश्रयाला आली. अन्नासाठी धर्म घेतला, हा आरोप या मुलांवर पुढे आयुष्यभर राहिला. तो टाळून पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. भूक हे कारण होतेच. पण भुकेने आत आलेला मुलगा पोट भरल्यावर, मोठा झाल्यावर, परत जाण्याची वाट मोकळी असतानाही का राहिला असेल? अरण्यातल्या भाकरीच्या मोहाची गोष्ट या मुलांनी उपासनेत ऐकली, तेव्हा त्यांना तिच्यात काय ऐकू आले असेल? मिशनचे अहवाल इंग्रजीत आहेत, देणगीदारांसाठी लिहिलेले आहेत, आणि त्यांत ही मुले बहुधा संख्या होऊन येतात. त्यांचा स्वतःचा आवाज शोधणे हे या क्षेत्रातले सर्वांत तातडीचे काम आहे.

म्हणून नव्या अभ्यासकाने ‘स्मृतिचित्रे’पासून सुरुवात करावी, मग रमाबाईंची पत्रे, मग बाबा पदमनजींचे १८८४ चे आत्मचरित्र ‘अरुणोदय’. पुस्तके झाली की घराकडे वळावे. मंडळीच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याची तारीख सापडते, पुढच्या चाळीस वर्षांचे काही सापडत नाही. ते सापडले तर आजीच्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकाच्या कोऱ्या पानावर, पाळकाच्या प्रवचनाच्या वहीत, नाहीतर गाव सोडलेल्या भावाला लिहिलेल्या पोस्टकार्डात. असे काही तुमच्या घरी असेल तर ते रद्दीत देऊ नका. आधी त्याची झेरॉक्स काढा, आणि ते कुणी, केव्हा लिहिले हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारून घ्या.