राम मोहन
राम मोहन (२६ ऑगस्ट, १९३१ - ११ ऑक्टोबर, २०१९) हे भारतीय सचेतनपटकार (ॲनिमेटर) व दिग्दर्शक होते. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्येच 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात निर्जीव काड्यांना चालते केले होते. तथापि या कलेला भारतात व्यवसायाचे स्थैर्य मिळवून देण्यात राम मोहन यांचा वाटा मोठा आहे. त्यामुळे त्यांना 'भारतीय ॲनिमेशनचे जनक' असे संबोधले जाते.

कारकिर्दीचा आरंभ
मद्रास विद्यापीठाची रसायनशास्त्रातील पदवी घेतल्यानंतर ते १९५६ मध्ये मुंबईतील फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात रुजू झाले. तेथे डिस्ने स्टुडिओतील अनुभवी चित्रकार क्लेअर वीक्स यांच्याकडून त्यांना प्रशिक्षण मिळाले. जातककथेवर आधारलेला 'द बनियन डिअर' (१९५७) हा सचेतनपट याच काळातला. 'होमो सॅप्स' (१९६७) या त्यांच्या लघुपटास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

स्वतंत्र निर्मिती
१९६८ मध्ये सरकारी नोकरी सोडून त्यांनी प्रसाद प्रॉडक्शन्सच्या ॲनिमेशन विभागाची धुरा सांभाळली आणि १९७२ मध्ये 'राम मोहन बायोग्राफिक्स' ही स्वतःची संस्था काढली. मृणाल सेन यांचा 'भुवन शोम' आणि सत्यजित राय यांचा 'शतरंज के खिलाडी' या चित्रपटांतील सचेतन दृश्ये त्यांची आहेत. 'यू सेड इट' (१९७२) आणि 'फायर गेम्स' (१९८३) या लघुपटांनाही राष्ट्रीय पुरस्कार लाभले.

रामायण
'रामायण : द लीजेंड ऑफ प्रिन्स राम' या भारत-जपान सहनिर्मितीचे दिग्दर्शन त्यांनी युगो साको व कोइची सासाकी यांच्यासमवेत केले. चित्रणाची शैली जपानी असली, तरी वेशभूषा, वास्तू व हावभाव भारतीय वाटावेत, याची काळजी त्यात घेतलेली दिसते. १९९० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झालेला हा चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाला.

मीना
युनिसेफच्या 'मीना' या मालिकेची नायिका ही त्यांची सर्वदूर पोहोचलेली निर्मिती होय. दक्षिण आशियातील अनेक देशांत ही मालिका दाखवायची असल्याने मीनाचे नाव आणि पोशाख एकाच देशाचे किंवा धर्माचे वाटणार नाहीत, असे ठेवण्यात आले. पहिल्या कथेत मीनाला शाळेत जाता येत नाही. तिचा पोपट मिठू शाळेच्या खिडकीशी बसून धडे ऐकतो आणि तिला मोजणी शिकवतो. ती मोजणी घरच्या कोंबड्यांवर करताना एक कोंबडी कमी असल्याचे तिच्या ध्यानात येते व चोरी उघडकीस येते. मुलीच्या शिक्षणाचा उपयोग वाचता न येणाऱ्या प्रेक्षकालाही त्यातून उमगतो. आणखी एका कथेत आंब्याचा मोठा वाटा भावाला मिळतो, तेव्हा भाऊबहीण दिवसभरासाठी परस्परांच्या कामांची अदलाबदल करतात आणि मीनाच्या वाट्याचे कष्ट भावाला कळतात.

अध्यापन व सन्मान
उत्तरायुष्यात त्यांनी ग्राफिटी या संस्थेचे अध्यक्षपद भूषविले व तिच्या ॲनिमेशन विद्यालयाद्वारे नव्या पिढीला मार्गदर्शन केले. भारत सरकारने २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.