संत्र्याच्या पेयावर तर्री का येत नाही?

नागपुरात तर्री-पोहा खाणाऱ्याला तेल आणि पाण्याचे वैर वेगळे समजावून सांगावे लागत नाही. रस्सा कितीही ढवळला तरी लाल तवंग क्षणभरात वर येतो. किंबहुना तो यावा, अशीच खवय्यांची अपेक्षा असते. याच शहरात उन्हाळ्यात संत्र्याच्या चवीची जी पेये खपतात, त्यांतही बहुधा थोडे तेल असते. संत्रे सोलताना बोटांवर उडणारा आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरल्यास भुर्रकन पेटणारा फवारा, तेच हे सालीचे तेल. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते आणि ते पाण्यात विरघळत नाही. तरीही दुकानाच्या फळीवर महिनोन्महिने उभ्या असलेल्या बाटलीत तवंग दिसत नाही. यामागे अनेकदा हात असतो तो मक्याच्या स्टार्चचा.

तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखरून राहिले की त्या मिश्रणाला पायस म्हणतात आणि ते टिकवून धरणाऱ्या पदार्थाला पायसीकारक. दूध हे निसर्गाने तयार केलेले पायस होय. मात्र साधा स्टार्च खऱ्या अर्थाने पायसीकारक नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. स्टार्च म्हणजे अमायलोज व अमायलोपेक्टिन या ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या. त्यांना ओढ पाण्याची. तेलाशी त्यांची फारशी सोयरीक नाही. शिजवल्यावर स्टार्चचे कण फुगतात, पाणी दाट होते आणि तेलाच्या थेंबांना एकमेकांपर्यंत पोहोचण्याची वाट मिळत नाही. थेंब अडतात, एवढेच. पीठ लावून दाट केलेल्या रश्श्यावर तवंग कमी दिसतो, तो यामुळेच.

या अडवणुकीचा उपयोग वस्त्रोद्योगाने फार पूर्वीपासून करून घेतला. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. हातमागावर लुगडी विणणारे कोष्टी तर येथे त्याआधीपासून होते. माग हाताचा असो वा यंत्राचा, ताण्याच्या सुताला खळ दिल्याशिवाय ते घर्षणाला टिकत नाही. नुसत्या स्टार्चची खळ वाळल्यावर कडक होऊन तडकते. म्हणून तिच्यात थोडा स्निग्ध पदार्थ मिसळतात. हातमागावर तेल चाले. गिरण्यांच्या सायझिंग खात्यात जनावरांची चरबी वापरण्याचीही रीत होती. उकळत्या खळीत हा स्निग्धांश सारखा पसरला नाही, तर कुठे सूत कोरडे राहून तुटते आणि कुठे कापडावर तेलकट डाग पडतात. दाट खळीने चरबीला धरून ठेवणे हे स्टार्चचे पायसीकरणाच्या जवळ जाणारे जुने काम म्हणावे लागेल.

स्टार्चला खरोखरीचा पायसीकारक बनवण्याची रीत विसाव्या शतकाच्या मध्यास सापडली. कॅल्डवेल आणि वुर्झबर्ग या संशोधकांच्या नावे १९५३ मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट नोंदले गेले. किंचित अल्कधर्मी पाण्यात कालवलेल्या स्टार्चमध्ये ऑक्टेनिल सक्सिनिक अनहायड्राइड हे रसायन हळूहळू सोडतात. त्याची आठ कार्बन अणूंची शेपटी स्टार्चच्या साखळीला जोडली जाते आणि या शेपटीला ओढ असते ती तेलाची. प्रमाण अगदी अल्प असते. साधारण पन्नास ग्लुकोज घटकांमागे एक शेपटी पुरते, तर अमेरिकी नियमांनुसार खाद्य स्टार्चसाठी हे रसायन तीन टक्क्यांहून अधिक वापरता येत नाही. शेपट्या तेलाच्या थेंबात रुततात, उरलेली साखळी पाण्यात पसरून राहते आणि दोन थेंब एकमेकांना भिडत नाहीत. अन्नातील मिश्रकांचे परीक्षण करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने १९८२ मध्ये या स्टार्चच्या दैनंदिन सेवनाला आकड्याची मर्यादा घालण्याची गरज नसल्याचे ठरवले.

याच कुळातले एक तेलकट रसायन कागद कारखान्यांत शाई पसरू नये म्हणून वापरले जाते. ते पाण्यात विखरण्यासाठी धनभारित स्टार्च घेतात. कागदाचे तंतू ऋणभारित असल्याने थेंब त्यांना आपोआप चिकटतात. अलीकडे स्टार्चचे न शिजवलेले कणच थेंबाभोवती कवचासारखे बसवण्याचे प्रयोग सुरू आहेत. त्यासाठी कण बारीक हवेत. बटाट्याचे कण शंभर मायक्रॉनपर्यंत मोठे असतात, तर उपवासाच्या राजगिऱ्याचे जेमतेम एक-दोन मायक्रॉनचे!

पेयांच्या धंद्यात या सुधारित स्टार्चने ज्याची जागा घेतली तो म्हणजे डिंक. सुदानमधून येणारा बाभूळवर्गीय झाडांचा डिंक या कामी उत्तम समजला जातो; इतका, की अमेरिकेने १९९७ मध्ये सुदानवर निर्बंध लादले तेव्हा त्यातून डिंक वगळला. एप्रिल २०२३ पासून त्या देशात युद्ध पेटलेले आहे. मका मात्र जगभर पिकतो. आपल्याकडे धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथेही मक्यापासून स्टार्च काढला जातो.

पायसीकारक घातला की काम संपले, असे नाही. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने थेंब सावकाश वर सरकतात आणि बाटलीच्या मानेशी तेलकट कडे जमते. थेंबाचा व्यास निम्मा केला तर हा वेग चौपट कमी होतो. म्हणून मिश्रण प्रचंड दाबाखाली बारीक फटीतून काढतात. शिवाय तेल जड करणारे पदार्थ घालतात. त्यांपैकी ब्रोमीनयुक्त वनस्पती तेलावर भारताने १९९० मध्येच बंदी आणली, अमेरिकेला त्यासाठी २०२४ उजाडावे लागले.

ग्राहकाच्या दृष्टीने खरी मेख पुढेच आहे. मायक्रॉनभर आकाराचे थेंब प्रकाश विखुरतात, त्यामुळे पेय गढूळ दिसते आणि ते रसासारखे भासते. रसाचा थेंबही नसलेल्या पाण्याला सालीचे तेल, रंग आणि स्टार्च मिळून संत्र्याच्या रसाचे रूप देऊ शकतात. फळाचा रस नसलेल्या कार्बोनेटेड पाण्यावर ते फळाचे उत्पादन वाटेल असे लेबल लावण्यास नियमांनी मनाई आहे. गढूळपणाला मात्र कोणतेच लेबल नसते. कार्बोनेटेड फळपेय म्हणून विकायचे तर किमान १० टक्के, लिंबूवर्गीय आंबट फळांत लिंबाच्या बाबतीत ५ टक्के रस लागतो. संत्र्याच्या बागांच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी तरी बाटली फिरवून मागची बारीक अक्षरे वाचावीत. १४५० हा क्रमांक या सुधारित स्टार्चचा, ४१४ डिंकाचा आणि ४४५ तेल जड करणाऱ्या पाइनच्या राळेच्या एस्टरचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पाणी आणि साखरेनंतर संत्र्याचा रस कितव्या जागी आहे, तेवढे पाहायचे.