एका मिलिमीटरची गोष्ट

बाबांच्या झेनिट कॅमेऱ्याची ५८ एमएम हेलिओस-४४ लेन्स मी एकदा रिंग लावून निकॉन डीएसएलआरवर बसवली. जवळचं झकास, लांबचं सगळं धूसर. म्हटलं, लेन्स गेली! भंगारातच जायची होती.

पण लेन्स ठणठणीत होती. या एम४२ लेन्सना माउंट ते सेन्सर ४५.४६ मिमी अंतर लागतं. निकॉन एफ माउंटचं ४६.५ मिमी. जेमतेम १ मिमी जास्त, आणि लांबचा फोकस गेला. डीएसएलआरमध्ये आरशाला जागा लागते ना. २००८ मध्ये पॅनासॉनिक जी१ने आरसाच काढला. २०१० च्या सोनी ई माउंटचं अंतर फक्त १८ मिमी. उरलेले २७.४६ मिमी भरायला एक पोकळ नळी पुरते!

गंमत म्हणजे हेलिओसची रचना मूळची जर्मन, येनाच्या झाइसच्या बायोटारची. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत रशियाने येनाहून यंत्रं आणि तंत्रज्ञ नेले. पुढे क्रास्नोगोर्स्कला हेलिओस बनू लागली.

असो. काल तिनेच बाबांचा फोटो काढला. फोकस हाताने, सावकाश. "हलू नका हं," म्हणालो तर ते हसलेच. लहानपणी हे वाक्य त्यांचं असायचं.